मजुरी की कारागिरी?

इंग्लंडमध्ये लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही मोटार १९५७ पासून सुट्या भागांत मिळे. हौशी माणूस ती घरीच जोडी. तयार गाडीवरचा खरेदीकर वाचे. १९७३ साली तो करच गेला, हौस मात्र राहिली. घरी बांधायच्या अशा कित्येक गाड्यांना फायबरची पॅनेल असतात, त्यांच्या कडा स्वतःच कापाव्या लागतात. त्या माणसांना कोणी मजूर म्हणत नाही.

माझे वडील बसची फायबरची पॅनेल कापतात. रेघेवर चिकटपट्टी लावायची, बारीक दातांच्या हॅक्सॉने रेघेच्या किंचित बाहेरून कापायचे, मग कानस. कानस गुळगुळीत बाजूकडून आतल्या बाजूला चालवायची; उलट चालवली की वरच्या जेलकोटचा टवका उडतो. (हे मी एक पॅनेल बिघडवल्यावर शिकलो.) तरीही प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मजुरी’ लिहिले! हौसेने केले तर कौशल्य आणि पोटासाठी केले तर मजुरी, हा हिशेब निदान कॉलेजात शिकणाऱ्यांनी तरी मानू नये.

शेवटचा हात पाणी लावून पॉलिश पेपरने दिला तर धूळ उडत नाही. कापताना मात्र उडतेच, आणि काचेची कूस अंगभर खाजते. मालकाने अजून मास्क दिलेला नाही. वडील तोंडाला रुमाल बांधतात.