बादली ठेवली म्हणजे गळती थांबली?

दर जून महिन्यात भावाचा पुण्याहून फोन येतो. पुण्यात पाऊस सुरू झाला ही बातमी मला हवामान खात्याच्या आधी त्याच्याकडून कळते. त्याचं ऑफिस एका व्यापारी संकुलात अगदी वरच्या मजल्यावर आहे आणि पहिली मोठी सर आली की त्याच्या टेबलाशेजारी ठिबक सिंचन सुरू होतं. यंदाही फोन आला.

"दादा, तू तिकडे छपरांचीच कामं बघतोस ना? मग आमचं काय चुकतंय ते एकदाचं सांग. चार वर्षांत तीनदा वॉटरप्रूफिंग करून झालं!"

"बरं, आत्ता काय केलंयस?"

"आत्ता? आत्ता बादली ठेवलीये."

तर आजचं हे पुराण त्या बादलीचं.

मी टोरांटोजवळ राहतो. दुकानं, गोदामं, ऑफिसं यांची छपरं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. इथली घरं उतरत्या छपरांची असली तरी व्यापारी इमारतींची छपरं बहुतेक सपाट, आपल्या गच्चीसारखी. फरक इतकाच की स्लॅबऐवजी पुष्कळदा खाली लोखंडी पन्हळी पत्रा, त्यावर थंडीसाठी फोमचे थर आणि सगळ्यात वर रबराचं, प्लास्टिकचं नाहीतर डांबराचं एक आवरण. ते आवरण म्हणजे इमारतीचा रेनकोट समजा. आता आठवून बघा, शाळेत असताना आपला रेनकोट कुठे गळायचा? पाठीवर नाही. गळायचा तो शिवणीत, गळ्याशी आणि बटणांच्या मधून. छपराचंही अगदी तसंच असतं.

हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं, तेही चांगलं तोंडघशी पडून. एका गोदामात पाणी पडत होतं. मी खालून ती जागा नीट मोजून घेतली आणि वर जाऊन बरोबर त्याच जागी गुडघे टेकून दोन दिवस भोक शोधत बसलो. भोक काही सापडेना. छपरं घालण्यात उभा जन्म गेलेला एक म्हातारा पोर्तुगीज कामगार माझी गंमत बघत होता. शेवटी त्याला दया आली. म्हणाला, "पोरा, पाणी काही तुझ्यासारखं शाळेत शिकलेलं नाही. ते सरळ खाली येत नाही." आणि त्याने मला तीस फूट लांब एसीच्या युनिटपाशी नेलं. युनिटच्या पायथ्याशी आवरण वर चढवून जिथे चिकटवलं होतं, तिथली कड सुटली होती. पाणी तिथून आत शिरून पत्र्याच्या पन्हळीतून तीस फूट प्रवास करत होतं आणि पत्र्याचा जोड आला की खाली उतरत होतं!

त्यानंतर मी कुठल्याही छपरावर गेलो की आधी मोकळ्या मैदानाकडे बघतच नाही. कठड्याचा कोपरा, पाइप बाहेर येतात ती जागा, एसीचा पायथा, पाणी जाण्याचं तोंड, एवढं आधी बघतो. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. आणि का सापडतो, याचं कारण मला तांत्रिक कमी आणि मानवी जास्त वाटतं. छपरवाला आपलं काम करून जातो. मग एसीवाला येतो, नंतर प्लंबर, केबलवाला, हल्ली सोलरवाला. प्रत्येकाचं काम आपापल्या परीने चोख असतं. पण दोन कामांच्या मधली फट कोणाचीच नसते. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हातून एक स्क्रू पडतो, त्यावर त्याचाच पाय पडतो आणि रबराला भोक! त्याला ते कळतही नाही.

दुसरं कारण साचलेलं पाणी. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छपरावर पानांनी तोंड बुजून ५० मिलिमीटर पाणी साचलं तर ते झालं पाच टन. त्या वजनाने छप्पर थोडं वाकतं, वाकलं की आणखी पाणी तिथेच येतं. इथे वर थंडी असते. फटीत गेलेलं पाणी गोठून साधारण नऊ टक्के फुगतं आणि फट रुंद करून ठेवतं. एका हिवाळ्यात हा खेळ कित्येकदा होतो.

आणि कधीकधी गळती ही गळतीच नसते. बाहेर उणे पंधरा आणि आत गरम, दमट हवा असली की ती हवा वर जाऊन थंड पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होऊन टपकतं. अशा ठिकाणी वरून कितीही डांबर फासा, उपयोग शून्य.

असो. ही सगळी कारणं सुरुवातीला इतकी किरकोळ असतात की वर्षातून दोनदा कोणी वर चक्कर मारली तर त्यातली बरीचशी वेळेत सापडतील. मग सापडत का नाहीत? तर बादलीमुळे. व्यापारी इमारतीत भिजतो तो भाडेकरू आणि खर्च करायचा तो मालक. बादली ठेवली की भाडेकरूची आजची अडचण भागते, मालकाचा खर्च पुढे जातो आणि हळूहळू बादली फर्निचरचा भाग होते.

याचं टोक बघायचं तर आमच्याच ओंटारियो प्रांतातलं एलियट लेक हे युरेनियमच्या खाणींचं जुनं गाव घ्या. तिथे १९८० साली अल्गो सेंटर नावाचा मॉल उघडला, छपरावर गाड्यांचं पार्किंग असलेला. छपराची जलरोधनाची पद्धत मुळातच चुकली होती, त्यामुळे मॉल पहिल्यापासून गळका. मालक बदलत गेले, ठिगळं लागत गेली, दुकानांतून बादल्या आल्या. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाड्यांच्या चाकांबरोबर वर जायचं आणि पाण्याबरोबर आत उतरायचं. तीस वर्षं ते खारं पाणी तुळई आणि खांब यांच्यातला एक पोलादी जोड खात होतं. २३ जून २०१२ रोजी तो जोड तुटला, पार्किंगचा भाग खाली आला आणि दोन बायका मेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझ्याच व्यवसायातल्या एका माणसाने इमारत पाहून ती भक्कम असल्याचं सांगितलं होतं. त्याच्यावर खटला झाला, २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला. चौकशी आयोगाचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्यात मालक, अभियंते, सरकारी अधिकारी अशा अनेकांच्या पदरात माप पडलं. गळती कोणापासून लपलेली नव्हती. ती सगळ्यांना इतकी सवयीची झाली होती की तिचा अर्थ कोणी विचारलाच नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, रस्त्यावर मीठ नाही. पण स्लॅबमध्ये मुरणारं पाणी सळईला गंज चढवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. गती वेगळी, दिशा तीच.

म्हणून भावाला सांगितलं, "चौथ्यांदा वॉटरप्रूफिंग करू नकोस. आधी गच्चीवर जा आणि मला फोटो पाठव." फोटो आले. तीन वेळा फासलेला थर मधे छान होता. त्यात भोकं पाडून सहा एसींचे स्टँड बोल्टने बसवले होते आणि पाणी जायच्या तोंडात कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी मुक्कामाला होती. पिशवी त्याने तिथल्या तिथे काढली. खर्च शून्य.

राहिले बोल्ट. ते एसी दुसऱ्याच ऑफिसचे, गच्ची संकुलाची आणि पाणी माझ्या भावाच्या टेबलाशेजारी! खर्च कोणी करायचा यावर पुढच्या महिन्यात मीटिंग आहे म्हणे. मी त्याला म्हटलं, "मीटिंगला जाताना फोटो ने आणि ती बादलीही ने. मधोमध टेबलावर ठेव."

बघू या काय होतं ते. तोवर तुमच्या ऑफिसात किंवा दुकानात अशी एखादी बादली असेल, तर आज ती रिकामी करताना एकदा वर जाऊन या.