वृत्तनिवेदन : पेशा की रोजंदारी?

"तू टी.व्ही.वर बातम्या देतेस ना गं?" गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या एका मावशीने मला ओळखले आणि अर्धा किलो वांग्यांवर दोन वांगी जास्तीची टाकली. मित्रमैत्रिणींनो, खोटे कशाला बोलू? त्या दोन वांग्यांनी मी आठवडाभर हवेत तरंगत होते!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अप्पा बाजार समितीत हमाली करतात, माय शेतमजुरीला आणि हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये जाते. प्रथम वर्षात असताना दिवाळीनंतर मी आमच्या तालुक्याच्या गावच्या केबल वाहिनीवर बातम्या वाचू लागले. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, भिंतीला लावलेले हिरवे कापड, एक कॅमेरा आणि दोन दिवे, एवढाच काय तो आमचा स्टुडिओ. एका बातमीपत्राचे शंभर रुपये मिळत. महिन्याचा हिशेब महिन्याला होई असेही नाही. पण घरोघरी आपला चेहरा दिसतो, या एका गोष्टीपुढे बाकी सारे विसरायला होत असे.

त्या चार महिन्यांत मला जे कळले, त्यावरून वृत्तनिवेदकाच्या पेशाबद्दल माझे एक मत बनले आहे. ते पटेल न पटेल, पण मांडावेसे वाटते.

आपल्या मनात वृत्तनिवेदक म्हटला की एक चित्र उभे राहते. ते चित्र मुंबई दूरदर्शनने तयार केले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि मराठी माणसाच्या दिवाणखान्यात बातमी चेहऱ्यासकट आली. आमचे प्राध्यापक अजूनही त्या मंडळींची नावे घरच्या माणसांसारखी घेतात. मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक म्हणून ओळखले जाणारे डॉ. विश्वास मेहेंदळे, दाढीतले अनंत भावे, धीरगंभीर आवाजाचे प्रदीप भिडे. आणि आमच्या खानदेशाला ज्यांचा विशेष अभिमान, त्या स्मिता पाटील! त्यांचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे. विशीही न गाठलेली ही मुलगी बातम्या वाचत असे. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसे, असे सांगतात. पडद्यावरचा तो चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला आणि १९७५ च्या 'चरणदास चोर' पासून तिची वाट बदलली. पुढे 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री आणि १९८६ च्या डिसेंबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू. बातम्यांची खुर्ची हा त्या प्रवासातला पहिला छोटासा थांबा होता.

ही नावे पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यांतल्या कोणाचेही आयुष्य केवळ बातम्या वाचण्यावर उभे नव्हते. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांचे लाडके लेखक. २०१३ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मेहेंदळे लेखक आणि माध्यमांचे शिक्षक. भिडे अनेक दशके बातम्या वाचत राहिले, पण त्याचबरोबर जाहिराती, माहितीपट आणि समारंभांचे सूत्रसंचालन यांनाही त्यांनी आवाज दिला. ७ जून २०२२ रोजी ते गेले, तेव्हा अनेकांना आपल्या घरातला आवाज बंद झाल्यासारखे वाटले. दूरदर्शनवरचे बरेच वृत्तनिवेदक नोकरीत कायम नसत. बातमीपत्राला बोलावणे आले की जायचे, वाचायचे आणि त्या दिवसाचे मानधन घ्यायचे, अशी ती पद्धत.

म्हणजे काय? ज्या आवाजाला आपण साऱ्या महाराष्ट्राचा आवाज समजत होतो, तोही एका अर्थी रोजंदारीवरच होता! माझ्या अप्पांची हमाली पोत्यावर, त्यांची बातमीपत्रावर. हे कळले तेव्हा मला त्या मंडळींबद्दल कमीपणा वाटला नाही. उलट जवळीक वाटली.

पण माझ्या आणि त्यांच्या रोजंदारीत एक मोठा फरक होता. त्यांना बातम्या वाचायच्या आधी दुपारी दुकानोदुकानी जाहिराती मागत हिंडावे लागत नव्हते. मला लागत होते. लहान गावच्या वाहिनीवर वृत्तनिवेदक, वार्ताहर आणि जाहिरात गोळा करणारा ही तीन माणसे नसतातच. एकच माणूस तीन टोप्या घालतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानाचे उद्घाटन, पुढाऱ्याची निवड, हे सारे पैसे देऊन येते आणि बातमीच्याच आवाजात वाचले जाते. पाहणाऱ्याला बातमी कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली, ते कळत नाही. खरे सांगायचे तर काही दिवसांनी वाचणाऱ्यालाही कळेनासे होते.

जानेवारीतली गोष्ट. जवळच्याच एका जिनिंगमध्ये एका मजूर बाईचा हात यंत्रात सापडला. माय त्याच पाळीला कामावर होती. तिने घरी येऊन सारे सांगितले. मी चार ओळींची बातमी तयार केली. नाव, गाव, वेळ, कोणत्या दवाखान्यात नेले ते, सगळे दोनदा विचारून लिहिले. संध्याकाळी खोलीवर गेले तर तो कागद बाजूला काढून ठेवलेला. कारण साधे होते. त्याच मालकाची २६ जानेवारीच्या शुभेच्छांची जाहिरात आली होती, आणि ती आणली होती मीच!

मी काय केले? काही नाही. साडीचा पदर सारखा केला, कॅमेऱ्यापुढे बसले आणि "समस्त नागरिकांना प्रजासत्ताक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा" हे वाक्य त्या मालकाच्या नावासह स्वच्छ उच्चारात वाचले. एकही 'ण' चुकला नाही.

त्या रात्री मायने ताट वाढले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू जे वाची ऱ्हायनी, ते तुनं शे का?" तू जे वाचतेस ते तुझे आहे का? माझ्याकडे उत्तर नव्हते. फी भरायची राहिली होती, म्हणून आणखी महिनाभर मी बातम्या वाचत राहिले. परीक्षा जवळ आल्यावर सोडले, आणि घरी मात्र "अभ्यासासाठी सोडले" असे सांगितले.

कोणी म्हणेल, दूरदर्शनवाले तरी कुठे स्वतःचे वाचत होते? बातमी लिहिणारे दुसरे, वाचणारे दुसरे, आणि सारे खाते सरकारचे. हा आक्षेप मला मान्य आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्यावरून सरकारला नको असलेली बातमी ऐकायला मिळत नव्हती, हा इतिहास आहे. प्रसार भारतीचा कायदा व्हायला १९९० साल उजाडले आणि तो अमलात यायला १९९७. तेव्हा तो काळ सोन्याचा होता, असे मी मुळीच म्हणत नाही. तिथेही मालक होताच, फक्त तो मुंबईत किंवा दिल्लीत बसत होता. आमचा मालक समोरच्या चौकात बसतो, आणि दिवाळीला मी त्याच्याच दुकानातून उधारीवर साडी आणते. दूरच्या मालकापेक्षा जवळच्या मालकाची भीती अधिक वाटते, हा माझा अनुभव आहे.

आता उच्चारांबद्दल दोन शब्द. शाळेत असताना मी व्यासपीठावर 'पानी' म्हटले आणि मागची बाके हसली. तेव्हापासून 'पाणी' म्हणण्याचा मी इतका सराव केला, की घरी मायशी बोलतानाही 'ण' येऊ लागला आणि ती हसू लागली! प्रमाण उच्चार शिकण्यात कमीपणा नाही. सर्वांना कळावे म्हणून ते शिकलेच पाहिजेत. पण शुद्ध उच्चार म्हणजे काय? माझ्या मते वृत्तनिवेदकाची पहिली शुद्धता ही, की ज्या माणसाची बातमी वाचायची त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव तो माणूस जसे घेतो तसे घ्यायचे. मोठ्या वाहिन्यांवर आमच्या गावपाड्यांची नावे मोडतोड करून वाचली जातात, तेव्हा कोणीच का हसत नाही? आणि त्याहून मोठी शुद्धता ही, की बातमीच्या आवाजात जाहिरात वाचायची नाही.

मग आमच्यासारख्या मुलामुलींनी या पेशात जाऊच नये काय? तसे मला वाटत नाही. उलट जावे. खेड्यातल्या बाईचा हात यंत्रात सापडला, ही बातमी मुंबईची वाहिनी देणार नाही. दिली तर गावची वाहिनीच देईल. म्हणून त्या खुर्चीवर मजुराच्या घरातले कोणीतरी बसायलाच हवे. पण बसताना दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, जो बातम्या वाचतो त्याने जाहिराती गोळा करू नयेत. पैसे कमी मिळाले तरी चालतील. दुसरी, पोटाला दुसरे काम असावे. शिकवणी, शिक्षकी, शेती, शिवणकाम, काहीही. जुन्या मंडळींची दुसरी कामे पूर्वी मला त्यांच्या मोठेपणाची शोभा वाटत. आता वाटते, त्या कामांचा त्यांना आधार होता. उद्या खुर्ची गेली तरी चूल पेटेल, ही खात्री असली तरच माणूस "हे मी वाचणार नाही" असे म्हणू शकतो. माझ्याजवळ ती खात्री नव्हती, म्हणून मी वाचले.

आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाला माझी एक सूचना आहे. दर शनिवारी सुटीच्या आधी पंधरा मिनिटे, आपल्याच गावांच्या बातम्या आपणच लिहून सभागृहात वाचाव्यात. कॅमेरा नको, जाहिरात नको. आवाज कसा लावायचा ते प्राध्यापकांनी शिकवावे, आणि बातमी खरी की खोटी हे समोर बसलेल्या त्या गावच्या मुलांनी सांगावे. पहिल्या शनिवारी वाचायला मी तयार आहे. त्या चार ओळींचा कागद मी टाकून दिलेला नाही. वहीत जपून ठेवला आहे. बातमी आता शिळी झाली, हे खरे. पण त्या बाईचा हात काही पूर्ववत झालेला नाही, आणि ती बातमी अजून कोणीही वाचलेली नाही.

आणि त्या दिवशी मायला मी सभागृहात पहिल्या बाकावर बसवणार आहे.