कोऱ्या फॉर्मवर सही मागणारे

माझी स्प्लेंडर २०११ची. दिवाळीच्या तोंडावर ती घेऊन पुण्याच्या एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोराने टाकीवरची चीर नखाने खरवडली, किक मारली, सायलेन्सरमागे तळहात धरला आणि म्हणाला, "काका, इंजिनचं काम निघणार. दहा हजार धरतो, वर पाच हजार एक्स्चेंज बोनस."

आमच्या गावी, विंझरच्या रस्त्यावर नुसती उभी केली असती तरी वीस हजारांना गेली असती ती. म्हणजे माझेच दहा हजार आधी कापायचे, त्यातलेच पाच परत माझ्या हातावर ठेवायचे आणि त्याला बोनस म्हणायचं. ही सरळ लूट आहे.

वर भीती घालतात: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात! साफ खोटं. तो नियम दिल्लीचा. आपल्याकडे आरटीओत तपासणी करून घ्या, फी आणि पर्यावरण कर भरा. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. आमच्या वेल्ह्याच्या पावसात चेसी सडली असेल, तर बदला जरूर. पण क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेटसाठी कुणी गाडी मोडीत काढतं का?

मग नव्या गाडीचं कर्ज. साठ हजार, तीन वर्षं, "फक्त दहा टक्के". हे दहा टक्के फ्लॅट असतात, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण साठ हजारांवर. २,१६७चे ३६ हप्ते, भरायचे ७८ हजार. उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला तर दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. भातावर आणि दुधावर चालणाऱ्या घराला हा हप्ता पावसाळ्यात गळफास होतो.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटी. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकवले. माझं नाव भरलेलं, घेणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा. "इथे सही करा काका, बाकी आम्ही बघतो." काय बघणार? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये निकाल दिला. गाडी २००७मध्ये विकलेली, पुढे हातोहात फिरलेली, अपघात २००९मध्ये, त्यात एक मूल गेलं. भरपाईची जबाबदारी पडली ती आरटीओच्या नोंदीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर. माझी गाडी उद्या कोण चालवणार, विमा भरणार की नाही, मला ठाऊक नाही. आणि कोर्टाची नोटीस मात्र विंझरला माझ्या दारात येणार!

मी किल्ली परत मागितली. गावातच गाडीचं काम करून घेतलं, साडेचार हजारांत. आजही रोज धावते आहे.

तुम्हाला बदलायचीच असेल, तर जुनी गाडी स्वतः विका, आणि घेणाऱ्याचं नाव रकान्यात तुमच्यासमोर लिहिल्याशिवाय सही करू नका. नाव नोंदीत चढेपर्यंत पाठ सोडू नका.