मुक्तीचा छापखाना आणि कृपादाने

पेन्टेकॉस्टच्या रविवारी आपल्या बहुतेक मंडळ्यांत प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जातो. जोराचा वारा, अग्नीच्या जिभा, निरनिराळ्या भाषांत बोलू लागलेले शिष्य. ते ऐकताना मराठी ख्रिस्ती माणसाला केडगाव आठवावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1905 च्या आरंभी त्यांनी जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला आश्रमातल्या स्त्रियांना एकत्र बोलावले. जूनअखेरीस ती जागृती आली. मुली रडत पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालू लागल्या. पुढे काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या. रमाबाईंना स्वतःला ते दान मिळाले नव्हते. पण जे आपल्याला मिळाले नाही ते खोटे, असे त्यांनी म्हटले नाही. आणि ज्यांना ते मिळाले नाही त्या मुली विश्वासात उण्या, असेही मानले नाही.

त्याच आवारात माग चालत होते, शेती होती, अंध स्त्रिया ब्रेल वाचायला शिकत होत्या. छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचे भाषांतर करीत होत्या, तेही फारशी न शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवण्याचे, छपाईचे काम आश्रमातल्या मुलींचे. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून झाले. दुष्काळात मरणाच्या दारातून आणलेल्या मुलींच्या बोटांनी ते जुळवले. पहाटे अन्य भाषेत प्रार्थना करणारी आणि दिवसभर खिळे जुळवणारी मुलगी कदाचित एकच असेल. यातले आत्म्याचे दान कोणते आणि नुसते काम कोणते, हे कोणी सांगावे?

पौलाने इ.स. 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र या प्रश्नाला थेट हात घालते. बारावा अध्याय आपल्याला पाठ असतो: शरीर एक, अवयव पुष्कळ. त्याआधीचा अध्याय मात्र आपण फक्त प्रभुभोजनाच्या वेळी उघडतो, आणि तोही अर्धाच. त्यात तक्रार आहे ती जेवणाची. ज्यांच्याकडे आहे ते आधी जेवून घेतात, ज्यांच्याकडे नाही ते उपाशी राहतात. त्याला लागूनच कृपादानांचा विषय येतो, हा आम्हांला योगायोग वाटत नाही. पंक्तीतली उतरंडच दानांत शिरली होती. म्हणून तर पौल साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दाने चमत्कारांच्याच यादीत घालतो आणि करिंथकरांना ज्याचा सर्वांत अभिमान, ते अन्य भाषांचे दान शेवटी ठेवतो.

ज्या पंक्तिभेदाला विटून आपल्यापैकी कितीतरी जणांचे पूर्वज ख्रिस्ताकडे आले, तोच आपल्या मंडळ्यांत दानांच्या रूपाने टिकून राहावा, याचे दुःख होते. उपदेश करणारा मोठा, गाणारा त्याखालोखाल; आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बहीण, वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा भाऊ यांचे नाव वार्षिक अहवालाच्या आभारांत आले तर आले.

मंडळ्या-मंडळ्यांमधली अशी उतरंड मोडण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच भूमीवर झाला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यासाठीची बोलणी 1929 पासून चालली होती. बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि केवळ विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचा करणारे एका छताखाली आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. अँग्लिकनांनी बिशपपद आणले, बॅप्टिस्टांनी वैयक्तिक विश्वासाचा आग्रह. आपापले दान दाराबाहेर ठेवून आत या, असे कोणाला सांगावे लागले नाही. चाळीस वर्षांची ती चिकाटी एकेका स्थानिक मंडळीच्या आत कधी दाखवली जाणार?

पाळकांना आणि पाळक समित्यांना आमची विनंती आहे. यंदा पेन्टेकॉस्टच्या उपासनेत उपदेशाची वेळ आजाऱ्यांना भेटणाऱ्या त्या बहिणीला द्यावी. तिला जे दिसले, ज्यासाठी तिने प्रार्थना केली, ते तिच्याच शब्दांत तिने सांगावे, आणि पाळकांनी बाकावर बसून ऐकावे. समितीच्या पुढच्या निवडणुकीत तिचे नावही सुचवावे.