मुद्दल न मोडणारे बेट

बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुणी कितीही उदात्त काम सांगितले, तरी मी आधी त्याचा ताळेबंद पाहतो. पर्यावरणाच्या कामात तो बहुधा मांडलेलाच नसतो. म्हणून फिलिपाईन्समधल्या आपो बेटाची हकीकत मला मोलाची वाटते.

हे बेट जेमतेम ७४ हेक्टरांचे. वस्ती काही शेकड्यांची, पोट मासळीवर. डायनामाइट आणि सायनाइडने मासे मारण्याचे प्रकार त्या भागात बोकाळले आणि मासळी आटत चालली. सिलिमान विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एंजल अल्काला यांनी सुचवले, की किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीला बंद ठेवा. हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या माणसाला हे पटणे सोपे नव्हते. तीन वर्षे समजावण्यात गेली. अखेर १९८२ साली चौदा कुटुंबांनी सुमारे ४५० मीटर किनारा राखला. आळीपाळीने एकेक जण राखणीला बसे. आतली मासळी वाढली, वाढून बाहेर आली. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार चालवावा, तसेच हे.

अल्कालांनी शेजारच्या सुमिलोन बेटाजवळ १९७४ सालीच असा पट्टा राखला होता. शास्त्र तेच, समुद्र तोच. पण स्थानिक राजकारण फिरले, १९८४ च्या सुमारास बंदी मोडली आणि मच्छीमारांना मिळणारी मासळी जवळजवळ निम्म्यावर आली. आपल्या मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांचा विरोध झाला. तो अडाणीपणाचा नव्हता. ज्याचे पोट समुद्रावर, त्याला न विचारता काढलेला हुकूम त्याला जप्तीच्या नोटिशीसारखाच वाटणार.

आपोवर पुढे समुद्रतळ पाहायला पर्यटक आले. त्या पैशाने बेटावरच्या शाळेला हातभार लागला, मुले समोरच्या मोठ्या बेटावर हायस्कुलात, कॉलेजात जाऊ लागली. माझ्या मते खरे व्याज हेच. मात्र १९९४ साली बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र ठरले, कारभार सरकारी मंडळाकडे गेला आणि प्रवेशशुल्कातला बेटकऱ्यांचा वाटा सरकारी तिजोरीतून रखडत येऊ लागला. राखण गावाची आणि पासबुक दुसऱ्याच्या कपाटात! अशा खात्यावर तरुणांचा विश्वास किती दिवस टिकणार?

कोकणातला मुलगा बारावी झाला की मुंबईची गाडी धरतो. त्याला निसर्गप्रेमाची व्याख्याने देऊन थांबवता येणार नाही. खाडी, कांदळवन किंवा किनारा राखायचा असेल, तर तिथला हिशेब गावच्या मुलामुलींच्या हाती द्यावा. काय राखले, किती शुल्क जमले, कुणाच्या शिक्षणाला गेले, हे त्यांनी दरवर्षी ग्रामसभेत उभे राहून वाचावे. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी आपोच्या राखीव पट्ट्यातली प्रवाळे उद्ध्वस्त केली. वादळे आपल्याकडेही येतातच. ती ओसरल्यावर पुन्हा राखणीला बसायला गावात कुणी तरुण उरला आहे का, एवढाच प्रश्न असतो.