ती जागा रिकामी नाही

आमच्या नगरातल्या बागेला कुलूप असतं. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास ते उघडतं. फाटकावर पाटी आहे : चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये. आता त्या बागेच्या अर्ध्या भागात मंगल कार्यालय बांधायची बोलणी सुरू आहेत. परवा शेजारचे काका सहज म्हणाले, "तशी ती जागा रिकामीच आहे की."

मला या 'रिकामी' शब्दाबद्दल बोलायचं आहे. घरं बांधून उरते ती बाग, असं आपण धरून चालतो. पण उपनगरांतल्या बागा कशा जन्माला आल्या हे पाहिलं, तर उलटंच दिसतं. ती जागा कुणीतरी ठरवून न बांधता ठेवलेली असते.

मुंबईतलं दादर-माटुंगा घ्या. 1896 साली मुंबईत प्लेग आला. मांडवीसारख्या दाट वस्तीत त्याने माणसं पटापट नेली. पुढे तो मुंबई इलाख्यात पसरला, आणि आपलं बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे मोकळी उपनगरं वसवायची, हे त्याचं काम. कोंदट हवेतून रोग होतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. उंदरावरच्या पिसवेची गोष्ट नंतर सर्वमान्य झाली. कारण अर्धंमुर्धं चुकलं, पण उजेड-वारा हवाच, हा निष्कर्ष काही चुकला नाही. म्हणजे या बागांच्या मुळाशी हौस नव्हती, मरणाची भीती होती.

याच ट्रस्टमध्ये मंचेरजी जोशी नावाचे पारशी इंजिनिअर होते. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी 103 भूखंड राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केलं. तीच दादरची पारशी कॉलनी. तिथल्या रस्त्यांवर त्यांनी निरनिराळी झाडं लावली. कॉलनीलगतच्या पाच बागांना आज त्यांचंच नाव आहे, लोक मात्र 'फाइव्ह गार्डन्स' म्हणतात. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घरं एका समाजासाठी राखीव आहेत, पण बागा सगळ्यांच्या. जवळच्या व्ही.जे.टी.आय.ची मुलं तिथे बसतात, कोणीही येतं, फिरतं. घराला जात-धर्म असला तरी बागेला नसावा, एवढं शहाणपण त्या आखणीत आहे.

शिवाजी पार्कचंही तसंच. 1925 साली ते 'माहीम पार्क' म्हणून लोकांसाठी खुलं झालं. 1927 मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नाव बदललं. त्यासाठी पुढाकार घेतला नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी, ज्यांनी मराठीत गांधीजींचं चरित्रही लिहिलं होतं. या मैदानावर आचरेकर सरांनी मुलांना क्रिकेट शिकवलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचंड सभाही इथेच झाल्या. त्या सभांत बेळगावचं नाव किती वेळा घुमलं असेल, ते आपल्या आजोबांना विचारा. पुढे सभांचा आवाज असह्य झाला तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला. मैदान कशासाठी, यावर वाद झाला आणि होतो. होऊ दे. पण तिथे वाद घालायला मैदान शिल्लक आहे!

हा सगळा इतिहास काही गोड नाही. ट्रस्टने जुन्या शहरात गरिबांची घरं पाडली आणि त्या मानाने पुरेशी नवी बांधली नाहीत. बागेशेजारचं घर मिळालं ते मुख्यतः मध्यमवर्गाला. गिरणी कामगार चाळीतच राहिला. म्हणून तर मी म्हणते, बाग राखणं पुरेसं नाही, ती उघडी ठेवली पाहिजे. ज्याच्या घराला अंगण नाही, त्याची गरज मोठी. दुपारी अकराला बागेला कुलूप लावलं तर घरकाम करून परतणारी बाई घटकाभर टेकणार कुठे?

कुणी म्हणेल, मंगल कार्यालयही लोकांसाठीच की. खरं आहे, गरज आहे. पण कार्यालयाला दुसरी जागा विकत घेता येते. चारी बाजूंनी घरं झाल्यावर बागेसाठी जागा आणणार कुठून? आणि कायदाही आपल्या बाजूने आहे. बेंगळुरूच्या राजमहाल विलास एक्स्टेंशनमध्ये बागेसाठी राखलेली साईट खासगी इस्पितळाला दिली गेली होती. इस्पितळ म्हणजे काही वाईट काम नव्हे. तरीही तिथले रहिवासी कोर्टात गेले, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बागेची जागा बागेलाच. शिवाय कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी 1985 चा कायदा आहेच.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, एक काम करू या. आपापल्या नगराचा मंजूर लेआऊट मागून बघा. त्यात बागेची साईट कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय उभं आहे, हे प्रत्येकाने लिहून काढावं. घरातल्या मोठ्यांना विचारून जुन्या आठवणीही टिपाव्यात. साहित्य मंडळाच्या पुढच्या अंकात हे सगळं एकत्र छापता येईल. काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. नकाशा हातात आला की तोच घेऊन त्यांच्याकडे जाईन.