काळी मारबत म्हणजे बांकाबाई नव्हे

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की नागपुरात तीच कथा नव्याने फिरू लागते. प्रताप नगरसारख्या वसाहतींत तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचे लाकडी नंदी सजत असतात, तिकडे इतवारीच्या गल्ल्यांतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, आणि मोबाइलवर मजकूर येऊन पडतो : काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातील बांकाबाई. ती इंग्रजांना फितूर झाली, म्हणून तिचा पुतळा जाळतात. नवऱ्याने तिला अडवले नाही, म्हणून त्याचाही पुतळा निघतो, तोच बडग्या.

कथा आटोपशीर आहे, त्यात राष्ट्रभक्ती आहे आणि एक खलनायिका आहे. पसरायला एवढे पुरते. मात्र तिच्यातला नवराच तिला खोटी पाडतो.

बांकाबाई या दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या पत्नी. रघुजी २२ मार्च १८१६ रोजी वारले. नागपूरकरांचा इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह झाला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, आणि सीताबर्डीची लढाई झाली ती २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी. ज्या फितुरीला विरोध न केल्याचा ठपका रघुजींवर ठेवला जातो, तिच्या वेळी ते हयातच नव्हते.

आता तहाकडे पाहू, कारण खरी गंमत तेथे आहे. रघुजींचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ होते. त्यांच्या नावाने सत्ता कोणी चालवायची यावरून दरबारात दोन तट पडले. एका बाजूला बांकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला रघुजींचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी हा डाव जिंकला तो इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या पाठिंब्यावर, आणि त्याची किंमत म्हणून मे १८१६ मध्ये तैनाती फौज स्वीकारली. म्हणजे कंपनीची फौज नागपुरात आली ती बांकाबाईंच्या पक्षाला नमवून. पुढे १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले आणि आप्पासाहेब गादीवर आले. त्याच आप्पासाहेबांनी वर्षअखेरीस इंग्रजांशी युद्ध केले, ते हरले, पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. ते लढले हे खरेच. परंतु तहावरची त्यांची सही लोकस्मृतीतून पुसली जावी आणि तिचा डाग त्यांच्या विरोधात असलेल्या विधवेच्या माथी यावा, याला इतिहास म्हणता येत नाही.

१८१८ नंतर अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर बसले. बांकाबाईंकडे पालकत्व आले आणि कारभार जेन्किन्सच्या हाती गेला. फितुरीच्या कथेचे मूळ बहुधा या व्यवस्थेत असावे. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल मातीमोलाने विकले गेले. जवाहीर कलकत्त्यास लिलावाला गेले. वृद्ध बांकाबाईंनी सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन असे बजावले. दत्तकाचा हक्क मागण्यासाठी वकील लंडनपर्यंत गेले. ही बाई वार्षिक मजकुरात कधी दिसत नाही.

त्यांना निर्दोष ठरवण्याचेही कारण नाही. १८५७ च्या जून महिन्यात टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला, तेव्हा बांकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. आरोप करायचाच असेल तर तो या प्रसंगावरून करावा, आणि त्यात तथ्य आहे. मात्र राज्य, वाडा, दागिने सर्व गमावलेल्या आणि सरकारी तनख्यावर जगणाऱ्या घराण्याची ती निवड होती, हेही सोबत सांगावे लागेल. त्या १८५८ मध्ये वारल्या.

काळ्या मारबतीची मिरवणूक १८८१ पासून आणि तऱ्हाने तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे परंपरा सांगते. बांकाबाईंच्या मृत्यूला तोवर तेवीस वर्षे झाली होती. लोकक्षोभ तेवीस वर्षे वाट पाहत नाही असे नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचीच निवड त्याने का करावी?

याचे उत्तर शहराबाहेर मिळते. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, लावतात आणि दुसऱ्या दिवशी, करीला, पहाटे ते उचलून ‘घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा करत शिवेबाहेर टाकतात. बालाघाट, छिंदवाडा या भागांत त्याच दिवशी नारबोद हाकलतात. तेथे ना बांकाबाई असते, ना सीताबर्डी. असते ती श्रावण सरतानाची ओल, ताप, खोकला, डास आणि पिकावरची कीड. ही पीडा एका स्त्रीरूपात गोळा करायची आणि गावाबाहेर सोडायची, हा विधीचा गाभा. त्याला पुराणातला आधार दिला जातो तो पूतनेचा. भागवतातही गोकुळवासी तिचे कलेवर दूर नेऊन जाळतात. नागपूरने याच ग्रामविधीला बांबू, कागद आणि रंगाचे प्रचंड शरीर दिले.

विधी जुना आणि स्पष्टीकरण नवे, हा प्रकार जगभर घडतो. ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे प्लेगचे गाणे असल्याचे आज शाळेतले मूलही सांगते. लंडनचा मोठा प्लेग १६६५ चा. गाणे इंग्लंडात छापले गेले १८८१ मध्ये (योगायोगाने काळ्या मारबतीच्याच साली). आणि प्लेगचा अर्थ प्रचलित झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. भयंकर कारण मिळाले की साधे कारण कोणालाच पुरत नाही.

पुतळ्यासमोर काय घडते तेही पाहावे. मारबतीची पूजा होते. लोक तिच्यापुढे नवस बोलतात, लेकरांना तिच्या पायाशी नेतात. फितूर राणीपुढे कोणी मूल ठेवत नाही. दुखणे देणारी आणि दुखणे घेऊन जाणारी देवता एकच असते, ही समजूत शीतळेपासून मरीआईपर्यंत सर्वत्र आहे, आणि मारबत त्यांच्याच कुळातली. पूतनेलाही भागवताने अखेर मातेची गती दिली आहे.

राहिला बडग्या. तो कोणा एकाचा नवरा नाही. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, शेजारी देश, ज्या वर्षी ज्याचा राग त्याचा बडग्या, आणि दुपारपर्यंत त्याची राख. पुढच्या वर्षी नाव बदलते. बांकाबाईंचे नाव मात्र कोणीतरी एकदा काळ्या पुतळ्याला चिकटवले, ते आजतागायत कोणी काढले नाही.